हक्क सौ. सुशीला यांच्या स्वाधीन

दीनानाथ शिधये यांनी आयुष्यात बारा एकांकिका आणि एक दोन अंकी नाटक लिहिलं. त्यांतली एक एकांकिका चालली. बाकीचं सगळं त्यांच्या वारज्याच्या फ्लॅटमधल्या लोखंडी कपाटात आहे. हा विषय त्यांच्यासमोर काढायचा नसतो. मी काढते, कारण सरकारी कोषागारात मी त्यांच्या समोरच्या टेबलावर चोवीस वर्षं काढली आहेत, आणि त्या चाललेल्या एकांकिकेत पहिल्यांदा काम केलं तेही मीच. मला ते ‘नीरजाबाई’ म्हणतात, पण सूर ‘पुन्हा आलात का?’ असा असतो.

कोषागारात आमचं काम बिलं तपासायचं. निरनिराळ्या खात्यांची बिलं यायची, त्यांत खोट काढायची आणि परत पाठवायची. शिधये त्यात वाकबगार. रकाना रिकामा दिसला, तारीख खोडून लिहिलेली दिसली, की लाल शाईनं आक्षेप. एकदा तर त्यांनी स्वतःच्याच प्रवासभत्त्याच्या बिलावर आक्षेप काढून ते स्वतःकडे परत पाठवलं. आम्ही हसलो तर म्हणाले, ‘‘चूक ती चूक. माझी आहे म्हणून ती बरोबर होत नाही.’’ असल्या माणसाबरोबर संसार करणारी बाई कशी असेल, याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कुतूहल वाटलं.

चौऱ्याण्णव साली कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेसाठी आमच्या ऑफिसातल्या पुरुषांनी ऐतिहासिक नाटक घेतलं. आम्हा तिघी बायकांना त्यात एक राणी, एक दासी आणि एक ‘आतून आवाज’ अशी कामं देऊ केली. आतून आवाज माझ्या वाट्याला आला होता. आम्ही तिघी उठलो आणि शिधयांच्या टेबलापाशी गेलो. ते लिहितात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण दिवाळी अंकांकडून साभार परत आलेली पाकिटं ऑफिसच्याच पत्त्यावर यायची.

‘‘आमच्यासाठी काहीतरी लिहा,’’ आम्ही म्हटलं, ‘‘तिघींचंच. आणि खर्चाला आमच्याकडे काही नाही.’’

‘‘सोमवारी या,’’ ते म्हणाले.

सोमवारी त्यांनी ‘वर्षाचे गहू’ आमच्या हातात ठेवलं. तीन जावा असतात. वाटणी ठरलेली आहे, उद्यापासून चुली वेगळ्या व्हायच्या आहेत. पण वर्षाचे गहू आधीच येऊन पडलेत, म्हणून तिघी शेवटच्या एकत्र निवडायला बसतात. पस्तीस मिनिटं त्या गहू निवडतात आणि बोलतात. कुणाच्या बाळंतपणात कोण उठलं नाही, कुणाच्या माहेरच्या माणसांना कुणी चहासुद्धा विचारला नाही, सगळं निघतं. शेवटी गव्हाचे तीन वाटे करायची वेळ येते आणि एकीचाही हात पुढे होत नाही. मी मधलीचं काम करत होते. मधली एकदा सूप खाली ठेवते आणि म्हणते, ‘‘या घरानं मला खड्यासारखं बाजूला काढलं, आणि खडे निवडायला मात्र पहिल्यांदा मलाच बसवलं.’’ हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शिधये असं लिहितील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांच्या साभार परत आलेल्या एकांकिका मी वाचल्या होत्या. त्यांत माणसं नियतीशी बोलायची.

तालमी शिधयांच्या तेव्हाच्या घरी व्हायच्या. कसबा पेठेतल्या दोन खोल्या, जिन्यावरून वर. वाटणी आदल्याच वर्षी झालेली आणि शिधये धरून तिन्ही भाऊ त्याच इमारतीत वेगवेगळ्या दारांमागे राहायला लागलेले. सुशीलावहिनी चहा घेऊन यायच्या आणि दारातच उभ्या राहून बघायच्या. तिसऱ्या दिवशी आमच्यातली थोरली झालेली बाई तावातावानं एक वाक्य बोलली, तशा वहिनी म्हणाल्या, ‘‘असं ओरडून नाही म्हणत ती. ती अगदी हळू म्हणते. हळू म्हणते म्हणूनच लागतं.’’

शिधयांनी खाली मान घालून संहितेत ‘हळू’ असं लिहिलं.

निघताना मी कपबशा घेऊन मुद्दाम आत गेले. ‘‘वहिनी, हे सगळं तुमचं आहे ना?’’

‘‘माझं कसं? मी कुठं लिहिलंय?’’ त्या कपबशा विसळत राहिल्या. ‘‘तीन संध्याकाळी मी पोळ्या करता करता बोलत होते. वाटणीचं मनातून जात नव्हतं, बोलायला दुसरं कोण आहे? हे तिथं पाटावर कागद घेऊन बसले होते. मला वाटलं, ऑफिसचं काम आणलंय.’’

‘‘मग सांगा ना त्यांना!’’

‘‘काय सांगू? त्यांना सुचलंय, असं ते म्हणतात. पुरुषांना सुचतं, आपण नुसत्या बोलतो.’’

हे त्या हसत म्हणाल्या. मीही हसले आणि घरी आले. स्पर्धेत एकांकिका पहिली आली, लेखनाचं बक्षीस शिधयांना आणि अभिनयाचं मला. त्या वाक्यावर मला जी टाळी मिळाली तशी पुन्हा कशावर मिळाली नाही. ते वाक्य कुणाचं आहे हे त्या सभागृहात मला माहीत होतं आणि मी वाकून नमस्कार केला. उगाच सोवळेपणाचा आव आणत नाही.

पुढच्या वर्षी एकांकिका छापून आली, बत्तीस पानांची. शेवटच्या पानावर तळाशी चौकट होती: ‘या एकांकिकेच्या प्रयोगांचे सर्व हक्क सौ. सुशीला दीनानाथ शिधये यांच्या स्वाधीन. प्रयोगापूर्वी लेखी परवानगी व मानधन आवश्यक.’ यात शिधयांचं काही विशेष नाही. मराठी लेखकांची ती जुनी रीतच आहे. जमीन स्वतःच्या नावावर, फ्लॅट स्वतःच्या नावावर आणि लेखनाचे हक्क बायकोच्या नावावर. ज्यातून काही यायची शक्यता नाही ते बायकोला द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं?

पण इथं गाडी वेगळीच गेली. मानधन यायला लागलं.

आधी एका बँकेतल्या बायकांनी केली. मग महिला मंडळांनी, भिशीच्या गटांनी, कॉलेजांनी. लोणी काळभोरच्या एका कॉलेजच्या मुलींनी तर दर चारपाच वर्षांनी नवी तुकडी आली की पुन्हा तीच घेतली. इंदूरच्या मराठी मंडळाचं पत्र आलं, बेळगावहून आलं. कारण सरळ आहे. तीन बायका, तीन सुपं, एक सतरंजी आणि पाचदहा किलो गहू, तेही प्रयोगानंतर दळून आणता येतात. दिवे, पडदे, सरकता रंगमंच, काही नको. नाटकाचे गुण कितीही असोत, ते टेम्पोशिवाय नेता येतं का, हे मंडळं आधी बघतात.

शिधयांना हे फार लागायचं. ‘‘माझ्या लेखनाचं कौतुक नाही हे, नीरजाबाई. स्वस्त पडतं म्हणून करतात.’’ बाकीच्या अकरा एकांकिकांसाठी इतक्या वर्षांत एकही फोन आला नव्हता. एकीत समुद्र दाखवायचा होता, दुसरीत कोर्ट आणि स्मशान एकाच वेळी.

परवानगीचं सगळं काम वहिनींकडे. फोन आला की त्या आधी विचारायच्या, तारीख काय, तिकीट लावणार का, मधलीचं काम कोण करतंय. मग स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात परवानगीपत्र लिहायच्या. सुरुवातीला एक्कावन्न रुपये घ्यायच्या, नंतर एकशे एक, मग पाचशे. आता हजार घेतात, आणि शाळकरी मुलींना नारळावर देतात. एका वेळी हातात येणारी रक्कम अशी की कोणी श्रीमंत होणार नाही. पण तीस वर्षं ती थांबली नाही. चौऱ्याण्णव साली कुणी एकरकमी पाचशे रुपये देऊ केले असते तर शिधयांनी दोन्ही हातांनी घेतले असते. त्या पैशांतून वहिनी दर एप्रिलला मार्केट यार्डातून खरेच वर्षाचे गहू आणायच्या, आणि वर जे उरेल त्याचं काय करतात ते शिधयांना कधी सांगायच्या नाहीत. शिधयांनीही कधी विचारलं नाही. ज्या माणसानं दुसऱ्यांच्या हिशेबात आयुष्य घालवलं त्यानं एवढ्या एकाच जमेकडे पाठ फिरवली होती. मला वाटायचं, हा पुरुषी ताठा.

मागच्या वर्षी बालेवाडीच्या एका कंपनीचा फोन आला. मोबाईलवर बघायच्या मालिका करणारी मंडळी. त्यांना ‘वर्षाचे गहू’ हवी होती, सगळ्या हक्कांसकट, कायमची. चार लाख रुपये. पण मग रंगभूमीचे हक्कही त्यांचेच, परवानगी द्यायची की नाही ते तेच ठरवणार.

शिधये त्र्याहत्तरीला आले आहेत. ते मला भेटायला घरी आले, हे आधी कधी घडलं नव्हतं. पिशवीतून त्यांनी ‘शून्याचा वारस’ काढलं. तेच ते दोन अंकी नाटक, पात्रं अकरा. ‘‘तीन प्रयोग करायचेत,’’ ते म्हणाले. ‘‘चांगल्या नाट्यगृहात, चांगल्या नटांना घेऊन. निर्माता मिळणार नाही, हे मला कळलंय आता. चार लाखांत बसतं. मी काढलाय खर्च.’’

‘‘आणि आपटलं तर?’’

‘‘आपटू दे. नीरजाबाई, तिसरी घंटा झाली, दिवे गेले आणि आपण मागच्या रांगेत बसून आपलं नाटक बघतोय, हे माणसाला एकदा तरी हवं असतं.’’

‘‘‘गहू’ बघितलंत की शंभर वेळा.’’

‘‘ते वेगळं,’’ ते म्हणाले आणि पिशवीत चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

हक्क वहिनींच्या नावावर, म्हणजे सही त्यांचीही लागणार. मी त्यांना फोन केला. ‘‘करणार सही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यांचं आहे, त्यांना विकू दे. पन्नास वर्षं लिहिताहेत बिचारे, एकदा होऊन जाऊ दे.’’

‘‘आणि तुम्हाला काही नाही वाटत?’’

‘‘मला काय? फोन कमी होतील.’’

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. वहिनी सहसा आधी फोन ठेवत नाहीत.

करारावर साक्षीदार म्हणून शिधयांनी मला बोलावलं. रविवारी सकाळी कंपनीची चैताली नावाची मुलगी आली, तिशीची असेल, लाघवी. इंग्रजी मसुदा शिधयांनी ‘मराठी प्रत जोडलेली नाही’ असा शेरा मारून आधीच परत पाठवला होता, त्यामुळे आता मराठी होता. तिनं पानं टेबलावर पसरली आणि जिथं जिथं सह्या करायच्या तिथं पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या.

‘‘काका, काकू, फक्त या यलो मार्कवर सह्या. दहा मिनिटांचं काम आहे.’’

‘‘मग परवानगी मागायला कोणी फोन केला तर?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘त्यांना आमचा मेल आयडी द्या काकू, लीगल टीम बघेल.’’

‘‘महिला मंडळं मेल करतील होय,’’ वहिनी म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

पण शिधये चिठ्ठीवरून चिठ्ठीवर जाणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. चैताली दोनदा घड्याळाकडे बघून तिसऱ्यांदा फोनकडे बघायला लागली. सातव्या कलमाशी शिधये थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं: ‘‘सदर कलाकृती ही लेखकाची स्वतःची, स्वतंत्र व मूळ निर्मिती असून तीत अन्य कोणाही व्यक्तीचा वाटा नाही, असे लेखक याद्वारे जाहीर करीत आहे.’’

‘‘ते स्टँडर्ड असतं काका. सगळ्यांच्याच अ‍ॅग्रीमेंटमध्ये असतं.’’

शिधयांनी पेन उचललं. खाली जिथं सही करायची तिथपर्यंत नेलंही. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. त्या एका सहीपलीकडे त्यांची तिसरी घंटा होती. त्यांनी पेन खाली ठेवलं, उठून टेबलाच्या खणातून लाल पेन आणलं आणि सातव्या कलमाच्या समासात लिहिलं, ‘हे विधान असत्य आहे.’

‘‘म्हणजे काय काका?’’ चैताली घाबरली. ‘‘कॉपी आहे का कुठून?’’

‘‘कॉपी नाही. वाटा आहे.’’ शिधये तिच्याकडे बघून बोलत होते, वहिनींकडे नाही. ‘‘गोष्ट हिची आहे, वाक्यं हिची आहेत. तीन संध्याकाळी ही पोळ्या करता करता बोलली आणि मी उतरवून घेतलं. प्रसंग मागंपुढं केले ते मी. शेवट मी रचला. शीर्षक माझं. एवढंच माझं. खड्याचं वाक्य माझं नाही. त्यात मी एक अक्षर बदललेलं नाही.’’

‘‘हरकत नाही, मग आपण तसं... पण हे पेपरवर नाही ना कुठं? आत्ता सही करून टाका, नंतर बघू.’’

‘‘खोट्या कागदावर सही केलेली नाही मी. तेहतीस वर्षं नोकरीत नाही केली, आता करू? लेखक म्हणून दोन नावं घाला. तिचं आधी.’’

चैताली फोन लावायला गॅलरीत गेली. शिधये खुर्चीत मागे टेकले. दुखरी दाढ एकदाची काढून आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. वहिनींनी पेनाला टोपण लावलं. ‘‘चहा टाकते,’’ म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. कंपनीनं आधी ‘बघतो’ म्हटलं, मग ‘हक्काच्या कागदपत्रांत गुंता दिसतो’ असं कळवलं, मग फोन बंद झाला. ‘शून्याचा वारस’ कपाटात आहे आणि मला वाटतं तिथंच राहील. शिधयांना त्याचं फार वाईट वाटतं. मलाही त्यांच्यासाठी वाटतं, कारण नाटक वाईट असलं तरी इच्छा वाईट नव्हती. ‘वर्षाचे गहू’ घरात राहिली. परवानगीपत्रांवर आता दोन नावं जातात, आणि हे ऐकलेले लोक मला सांगतात, किती सच्चा माणूस, बायकोला मान दिला. खरंच आहे ते. मी त्यांचं मोठेपण नाकारत नाही.

पण त्या रविवारी मी वहिनींच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले होते. मला वाटलं, त्यांचे डोळे भरून आले असतील, आनंदानं. मी तर बाहेरच रडायच्या बेतात होते. पातेल्यात पाणी होतं, पण गॅस पेटवलेला नव्हता. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या.

‘‘वहिनी, बोलले एकदाचे,’’ मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘चार लाखांवर पाणी सोडून बोलले.’’

‘‘हो, बोलले.’’

‘‘मग?’’

त्या खाली स्टुलावर बसल्या.

‘‘नीरजा, मला तीस वर्षं काय वाटत होतं माहितीये? ह्यांना खरंच वाटतंय, की हे त्यांचं त्यांनाच सुचलं. लिहिणाऱ्या माणसाला नाही कळत, ऐकलेलं कुठलं आणि सुचलेलं कुठलं. ते बक्षीस घेऊन आले तेव्हाही मी स्वतःला हेच सांगितलं. विसरले असतील. विसरण्यावर रागवायचं कसं? म्हणून मी केव्हाच सोडून दिलं होतं गं ते.’’

बाहेरून शिधयांची हाक आली, ‘‘अगं, नाव कसं घालायचं? माहेरचंही घालायचं का?’’ त्यांचा आवाज इतका मोकळा मी ऑफिसात कधी ऐकला नव्हता.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

‘‘म्हणजे ह्यांना माहीत होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अगदी कुठलं वाक्य कुणाचं इथपर्यंत. रोज माहीत होतं.’’